सावत्र मुराळी

बायकोचं बारावं उरकलं आणि दुसऱ्या दिवशी गल्लीतली एक म्हातारी भेटायला आली. म्हातारी म्हणजे माझ्याच वयाची. बसली, पदर तोंडाला लावला, "लई कष्टाळू बाई व्हती" म्हणाली, रडायचं तेवढं रडली आणि थांबली. तेवढ्यात आत कपबशी वाजली. म्हातारीनं मान तिकडं वळवली आणि मला हळूच विचारलं. हळूच असं तिला वाटलं, कारण तिला कमी ऐकू येतं.

"सावत्र लेक ऱ्हायलीया व्हय अजून? बरं हाय बाई. सावत्र आसून एवढं करती."

आतला कपबशीचा आवाज बंद झाला.

मी होय म्हणून मान हलवली. कशाला हलवली, मलाच ठाऊक नाही. मग लेक चहा घेऊन बाहेर आली, म्हातारीपुढं ठेवला, माझ्यापुढं ठेवला, परत आत गेली. तिच्या तोंडावर काही नव्हतं. म्हातारी फुर्र फुर्र करून चहा प्याली आणि गेली. मी मात्र तिथंच बसलो. माझा चहा गार झाला, वर साय धरली.

एवढं वय झालं, बायकोला माती देऊन आलो, आणि त्या एका शब्दापुढं जीभ पुन्हा टाळ्याला चिकटली. पुन्हा म्हणतोय, कारण ही पहिली खेप नव्हे. म्हणून लिहायला बसलोय. चौथीपर्यंत शाळा केली, पुढचं सगळं म्हशींनी शिकवलं. लिखाणात चुकलं तर म्हशींना बोल लावा.

सावत्र हा शब्द आमच्याकडं दोन कामांना लागतो. एक, नातं सांगायला. दुसरं, कुणी वाईट वागलं तर ते सांगायला. वरच्या गल्लीला नळाचं पाणी जास्त आलं की खालच्या गल्लीतल्या बाया ओरडणार, "आमी काय सावत्र हाय व्हय?" पोराच्या ताटात करपलेली भाकरी पडली की पोरगं आईला म्हणणार, "मला सावत्रागत करतीस." आता बघा, करपलेली भाकरी वाढली सख्ख्या आईनं आणि बोल बसला सावत्र आईला, जी बिचारी त्या घरात नाहीच.

माझ्या बायकोचं माहेर निपाणीच्या पुढं. तिकडं कानडीत सावत्र आईला मलतायी म्हणतात. माझा एक दोस्त होता, शेजारीच राहायचा, भांड्यांना कल्हई करायचा. मुसलमान. तो म्हणायचा, "आमच्यात सौतेला. तुमचाच सावत्र हाय, नुसती टोपी घालून आलाय." पण कुठल्याही भाषेत बघा, त्या शब्दाबरोबर आधी आई येते. सावत्र आई कशी असते हे पोराठोराला गोष्टीतनं ठाऊक असतं. सावत्र बाप गोष्टीतसुद्धा नसतो. त्यानं कसं वागावं, कुठं उभं राहावं, कुणी सांगितलेलंच नाही.

माझा धंदा दुधाचा. म्हणजे घरोघर बरण्या घालायचा नव्हे. आमच्या कोल्हापुरात म्हशी चौकातल्या कट्ट्यावर आणून बांधतात, गिऱ्हाईक पुढ्यात उभं राहतं आणि त्याच्या डोळ्यांदेखत पेल्यात धार काढून द्यायची. फेस ओठाला लागला पाहिजे. सकाळ-संध्याकाळ कट्टा भरायचा. दूध प्यायला येणारी माणसं दूध पिऊन जातील तर शप्पथ. गावातल्या समद्या गोष्टी तिथं निघायच्या, आणि माझं लग्न झालं तेव्हा काही दिवस माझीच गोष्ट निघत होती.

ही साठ-पासष्ट सालच्या आसपासची गोष्ट. बायको विधवा होती. तिचा पहिला मालक उसाची गाडी उलटून तिच्याखाली सापडला होता. पदरात एक पोरगी, सहा-सात वर्षांची. मी बिनलग्नाचा, आई-बाप नसलेला, दोन म्हशींचा मालक. आमच्यात विधवेशी लागतं त्याला लग्न म्हणत नाहीत, पाट म्हणतात. दिवस मावळल्यावर, वाजंत्रीबिगर, चार माणसांत लावतात. आणि गडी बिनलग्नाचा असला तर त्यानं आधी रुईच्या झाडाशी लग्न लावायचं. म्हणजे पहिली बायको रुई, आणि मग ही दुसरी. तेवढ्यानं दोघांची फिटंफाट होते म्हणतात.

रुईला हळदीकुंकू लावून मी अक्षता टाकल्या तेव्हा कल्हईवाला दोस्त पाठीमागं उभा होता. म्हणाला, "वहिनी गोरी हाय रे. पर चीक लई सांडती." सगळे हसले. मीही हसलो. तेवढंच त्या दिवशीचं हसणं.

पोरगी घरी आली ती आईच्या पदराला धरून. मी तिच्यासाठी गूळ-शेंगदाणे आणले होते, हात पुढं केला. तिनं घेतले आणि म्हणाली,

"पावणं, पाणी कुठाय?"

आमच्याकडं अनोळखी माणसाला पावणं म्हणतात. येष्टीत शेजारी बसला तर पावणं, बाजारात धक्का लागला तर "ओ पावणं, बघून की!" पोरीला काय म्हणावं ठाऊक नसेल, चार दिवसांत म्हणेल आबा नाहीतर अप्पा, असं मी धरून चाललो. चार दिवस गेले, पंचमी गेली, दिवाळी गेली. पोरगी पावणंच म्हणायची. आईनं दोनदा दटावलं. पोरगी गप्प बसायची आणि मग पुन्हा, "पावणं, म्हस वरडाय लागलीया."

घरात ठीक होतं. पण ती कट्ट्यावर यायची. वैरणीची पेंडी डोक्यावर घेऊन गर्दीतनं वाट काढत, खणखणीत आवाजात, "पावणं, ही घ्या वैरण!"

एकदा सगळा कट्टा हसला. एक शाळामास्तर रोज यायचे, शहाणा माणूस. त्यांनी मला समजावून सांगितलं की सावत्र हा शब्द सवतीवरनं आला. मी म्हणालो, "मग गुरुजी, मला कुठली वो सवत?"

ते काही बोलायच्या आत एक शिंपी म्हणाला, "तुझी सवत वर बसलीया की! तिचा पयला मालक!"

केवढा हशा पिकला! म्हैस बुजली आणि दूध चोरलं तिनं. मी तिच्या पोटाशी डोकं टेकवून नुसता बसलो, मान वर काढायची लाज वाटत होती. पोरगी तिथंच उभी होती. तिला काय कळलं, काय नाही, कुणाला ठाऊक. पण त्या दिवसापासनं ती वैरण कोपऱ्यावर ठेवून जायला लागली. जवळ येईनाशी झाली. हाक मारायचीच बंद झाली. ते बरं की वाईट, मी तेव्हा ठरवू शकलो नाही. खरं सांगायचं तर मला हलकं वाटलं, आणि हलकं वाटलं म्हणून आणखी लाज वाटली.

त्याच साली म्हशीचं रेडकू मेलं. रेडकू मेलं की म्हैस पान्हा सोडत नाही. मग त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढं उभं करतात. ती चाटते आणि दूध सोडते. पोरगी गोठ्याच्या दारात उभी राहून बघत होती. बऱ्याच दिवसांनी माझ्याशी बोलली.

"म्हशीला कळत न्हाई व्हय, त्यो पेंढा हाय म्हणून?"

"कळतं की. समदं कळतं तिला."

"मग चाटती कशाला?"

"सडं ठणकायला लागली की कुणाला तरी चाटायलाच पायजे."

मी आपलं खरं ते सांगितलं. पोरगी बराच वेळ त्या पेंढ्याच्या रेडकाकडं बघत बसली.

आम्हाला पुढं मूल झालं नाही. पोरगी वाढली, सातवीपर्यंत शिकली, शेण-घाण-धारा सगळं शिकली. स्थळ आलं इचलकरंजीचं. नवरामुलगा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होता, पाळीवर जायचा. चांगला निर्व्यसनी पोरगा. ठरलं.

लग्नात माझ्या आणि बायकोच्या वाट्याला जे आलं ते सांगतो. पाटाच्या बाईला लेकीच्या लग्नात विधीला बसता येत नाही, असं जाणती माणसं म्हणाली. मग बायको नाही तर मीही नाही. पोरीचा सख्खा चुलता आणि चुलती गावाकडनं आले आणि पाटावर बसले. त्या चुलत्यानं एवढ्या वर्षांत पोरीला एक परकर शिवला नव्हता. पण रक्ताचा. फेटा बांधून, मिशीला पीळ देऊन बसला. बायको चुलीपाशी होती. तिनं भात उतरवता उतरवता मागनंच अक्षता टाकल्या, त्या मांडवापर्यंत पोचल्या नाहीत, पुढच्या पंगतीतल्या माणसांच्या डोक्यांवर पडल्या. मी वऱ्हाडाला दूध देत होतो. एक वऱ्हाडी मला म्हणाला, "गवळीबुवा, अजून एक पेला."

पाठवणीच्या वेळी पोरगी सगळ्यांच्या पाया पडली. माझ्याही पडली. मी म्हणालो, "सुखी ऱ्हा." ती काहीतरी बोलणार होती. पण मागनं चुलती घाई करत होती.

त्या वर्षीच्या श्रावणात पहिली पंचमी आली. सासुरवाशिणीला सणाला माहेरी आणायला जो माणूस जातो, त्याला आमच्यात मुराळी म्हणतात. भाऊ जातो, नाहीतर बाप, नाहीतर चुलता. पहिल्या पंचमीला मुराळी आला नाही तर पोरीची मान खाली जाते, सासू वर्षभर ते काढते. बायकोनं चुलत्याला सांगावा धाडला. त्याचा उलटा सांगावा आला: शेतात भांगलणीची घाई हाय, जमणार न्हाई.

"मानाला बसला, कामाला भांगलण," बायको म्हणाली. मग माझ्याकडं बघून, "तुमी जावा."

"मी?"

"मग कोन, रुई जाती व्हय?"

धुतलेलं धोतर नेसलो, कल्हईवाल्या दोस्तानं त्याची नवी छत्री दिली, ("भिजला तरी चालंल, पर मुराळ्यासारखा दिस.") आणि लाह्यांची पुडी, दोन नारळ घेऊन येष्टीत बसलो. अख्खा रस्ता मनात घोकत होतो, दारात काय म्हणायचं. लाजेचं काय असतं, माणसाला जिथं जायचंय तिथं ती त्याच्या आधी जाऊन बसते.

इचलकरंजीत ती राहायची त्या चाळीच्या दोन्ही अंगांना लूमचे कारखाने. खडखड खडखड, कानात गोळे बसावेत असा आवाज. तिथली माणसं ओरडूनच बोलतात, भांडण नसलं तरी भांडण वाटतं. पोरीची सासू दारात बसून तांदूळ निवडत होती. लग्नात तिनं मला दुधाच्या चरवीपाशी बघितलं असणार, पण ओळख नाही पटली.

"कोन पायजे पावणं?"

"पोरीला न्यायला आलोय. पंचमीला."

"चुलता कुठाय?"

"भांगलण चाललीया."

"मग तुमी कोन?"

मी घोकलेलं सगळं विसरलो. बाप म्हणावं तर ही बाई म्हणणार, बाप तर मेलाय. सावत्र बाप म्हणावं तर तो शब्द मला कधी स्वतःच्या तोंडानं म्हणता आला नव्हता. चाळीतली माणसं बघत होती. मी पुटपुटलो.

"आँ?" सासू ओरडली. "ऐकू येईना! मोठ्यांदी!"

मग मी होता नव्हता तेवढा जीव लावून ओरडलो, "तिच्या आईचा मालक!"

आणि नेमकी त्याच वेळी लाईट गेली. दोन्ही कारखाने एकदम थंड पडले. खडखड बंद. माझा आवाज तेवढा चाळीच्या या टोकापासनं त्या टोकापर्यंत गेला, "आईचा मालक!" लूमवरचे गडी दारात आले. कुणीतरी फिसकन हसलं.

सासूनं सूप बाजूला ठेवलं. आता तिला ओरडायची गरज नव्हती, तरी तिनं ओरडूनच म्हटलं, सवयीनं.

"मग आईला न्या की कुठं न्यायची ती! तरणी पोर आईच्या मालकाबरोबर येष्टीत बसवून दिऊ व्हय? सावत्राचा काय भरवसा? उद्या कुणी काय बोललं तर आमी कुणाला धरायचं? चुलत्याला धाडा. रक्ताचं माणूस धाडा."

तिचं म्हणणं मला कुठं लागलं ते सांगत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. मी ओट्यावर नारळ ठेवले आणि माघारी वळलो. पोरगी बाहेर आली नाही. मला वाटलं, आपल्याला बघून तिलाच लाज वाटली असणार. तिच्या सासरी जाऊन मी तिचा बाजार मांडला होता.

येष्टी स्टँडवर बाकड्यावर बसून राहिलो. कोल्हापूरची गाडी आली, गेली. दुसरी आली, तीही जाऊ दिली. घरी जाऊन बायकोला कुठल्या तोंडानं सांगायचं? तिनं पुरणाची डाळ भिजत घातली होती. शेवटी दिवस कलायला लागला, म्हशींची वेळ झाली, म्हणून बसलो गाडीत.

बायको उंबऱ्यात भाकरतुकडा घेऊन उभी होती, लेकीवरनं ओवाळून टाकायला. तिनं माझ्या मागं बघितलं. मागं कुणी नव्हतं.

मी सगळं सांगितलं. लाईट गेली तेही सांगितलं. ती ऐकत होती. मला वाटलं, आता ती त्या सासूला शिव्या घालेल. तोंडाची लई तिखट होती ती. पण तिनं फक्त विचारलं,

"काय म्हणलासा तुमी? पुन्यांदा सांगा."

"तिच्या आईचा मालक, म्हणलो."

"मग बरोबर हाय की त्या बाईचं."

"काय बरोबर?"

"आईच्या मालकाबरोबर कोन पोरगी धाडंल? मी तरी धाडली आसती व्हय?" तिनं हातातला भाकरीचा तुकडा कुत्र्याला टाकला. "मी तुमाला मुराळी धाडला व्हता. माझा मालक म्हणून न्हवता धाडला."

मला राग आला. म्हणालो, "ती मला जलमभर पावणं म्हणती, आन् मी तिथं जाऊन बाप म्हणू? कुठल्या हक्कानं?"

"हक्क इचारतासा? ती गोवरात फणफणली तवा म्हशीची धार न काढता तिच्या उशाशी बसलासा, तवा हक्क इचारलासा?" आणि मग तिचा आवाज बदलला, जरा पडला. "उद्या पंचमी हाय. सकाळी परत जावा. आन् आता नीट सांगा."

दुसऱ्या दिवशी धारा काढून परत गेलो. छत्री नाही, धोतर कालचंच. सासू दारातच होती. लूम चालू होते. माझ्या मनात आलं, आज लाईट जाऊ नये, आणि लगेच मनात आलं, गेली तर जाऊ दे.

"पुन्यांदा आलासा?" ती ओरडली. "चुलता कुठाय?"

"चुलता न्हाई येत. मी आलोय."

"काल तर म्हणालासा..."

"काल चुकलं. बाप हाय मी तिचा."

"आँ?"

"बाप!" मी ओरडलो. "बाप हाय मी तिचा!"

"सख्खा?"

"सख्खा वर गेला. आता हाय त्यो मीच."

सासू माझ्याकडं बघत राहिली. शेजारच्या कारखान्यातला एक गडी घाम पुसत दारात आला होता, काल फिसकन हसलेला तोच असावा. तो ओरडला, "लावून द्या की ओ मावशी! का पंचमी सरल्यावर धाडतासा?"

"आन् काय झालं तर?" सासू त्याला नाही, मलाच म्हणाली.

"झालं तर बापाला धरा."

ती आणखी काहीतरी म्हणणार होती. पण तेवढ्यात पोरगी दाराआडनं बाहेर आली. हातात पिशवी. अंगावर लग्नातलं लुगडं. मला येऊन दोन मिनिटंही झाली नव्हती.

"कवा भरलीस गं पिशवी?" सासूनं विचारलं.

"काल," ती म्हणाली.

येष्टीत आम्ही शेजारी बसलो. पंचगंगेचा पूल गेला. मीच विचारलं,

"काल घरात व्हतीस?"

"दाराआड हुतो मी. पिशवी घेऊन." आमच्याकडं बायाही हुतो-गेलो म्हणतात. "तुमचा आवाज ऐकला तवाच पिशवी उचलली."

"मग ऐकलंस?"

"लाईट गेलती की. समद्या चाळीनं ऐकलं."

मी खिडकीतनं बाहेर बघायला लागलो. बाहेर ऊस होता, दुसरं काय असणार. पोरगी दाराआड पिशवी घेऊन उभी होती आणि मी दारात ओरडून सांगितलं होतं की मी हिचा कुणी नाही. त्या बाईनं मला जे बोलून घेतलं त्याची लाज एका बाजूला, आणि ही लाज एका बाजूला. पहिली कधीच धुऊन गेली. ही अजून आहे.

थोड्या वेळानं तीच म्हणाली, "तात्यांनी मला सांगितलतं." तात्या म्हणजे तिचा चुलता. "तुमच्याकडं यायच्या आदल्या दिशी. म्हणाले, तुजा बा मेला, ते पावणं हायत, त्यास्नी पावणंच म्हणायचं. मग मी म्हणत ऱ्हायलो. आई दटवायची. पर तुमी कवाच म्हणलासा न्हाई, तसं म्हणू नको म्हणून. मला वाटलं, तुमाला तेच बरं वाटतंय."

एवढी वर्षं मी वाट बघत होतो, ती आपणहून हाक मारेल म्हणून. आणि ती वाट बघत होती, मी सांगेन म्हणून. पिशवी जड होती, ती तिच्या मांडीवरनं माझ्या मांडीवर घेतली, एवढंच केलं.

बायको पुन्हा उंबऱ्यात होती, नवा भाकरतुकडा घेऊन. ओवाळून झाल्यावर तिनं लेकीला विचारलं, "कुणाबरोबर आलीस गं?"

पोरीनं माझ्याकडं बघितलं आणि हसली. "पावण्यांबरोबर."

बायकोनं तिच्या पाठीत धपाटा घातला. मग दोघी हसायला लागल्या आणि हसता हसता रडल्या. मी म्हशींकडं गेलो. त्यानंतर दर पंचमीला, दर दिवाळीला मीच मुराळी गेलो. तिच्या सासूनं पुन्हा कधी विचारलं नाही. मरायच्या आधी दोन-तीन वर्षं तर मला बघितलं की आत हाक मारायची, "ऊठ गं, तुजा बा आलाय!" तिनं एवढं म्हटलं. लेक मात्र पावणंच म्हणत राहिली, हसत. आता ते मला खटकत नाही. मला खटकतं ते माझं.

हे सगळं मी पंचमीचं पुरण पचवावं तसं पचवून मागं टाकलं होतं. बायको होती तोवर वाटायचं, आपण ते एकदा नीट सांगितलं, झालं, फिटलं. त्या दिवशी ती म्हातारी आली आणि कळलं, फिटलेलं नाही. मान हलवली मी. लेक पुन्हा दाराआड होती, आणि मी मान हलवली. आणि परत जावा, नीट सांगा, असं म्हणायला आता घरात कुणी नाही.

काल सकाळी उठलो. लेक अजून झोपली होती, दुसऱ्या दिवशी ती इचलकरंजीला परत जायची होती. चप्पल घातली आणि म्हातारीच्या घरी गेलो. ती अंगणात दात घासत होती.

"या, बसा. च्या ठेवते."

"च्या प्यायला आलो न्हाई. परवा तुमी सावत्र लेक म्हणालासा."

"काय?"

"सावत्र लेक म्हणालासा माझ्या लेकीला!"

म्हातारीनं चूळ भरली. "मी? कवा?"

"माझ्या घरात. च्या पिताना."

"न्हाई वो, मी कशाला म्हणू तसं? एवढी गुणाची पोर." तिला खरंच आठवत नव्हतं. "म्हणलं आसंल तर तोंडाला आलं आसंल. का, काय झालं?"

मी उभाच होतो. शेजारच्या घरातनं एक सून बघत होती, पोराच्या तोंडात घास तसाच धरून.

"काय झालं न्हाई. लेक हाय माझी, एवढंच सांगायला आलतो."

"व्हय की," म्हातारी म्हणाली. "मग कुणाची आसणार?"

घरी आलो तेव्हा लेक उठून भाकरी करत होती. परातीतनं मान वर न काढता विचारलं,

"सकाळी सकाळी कुठं गेलतासा पावणं?"

"हितंच," मी म्हणालो. "जरा कोपऱ्यापत्तूर."